स्पर्श आधी

पाचवीत असताना माझ्या डाव्या दंडावर फिकट चट्टा उठला. तिथं चिमटा काढला तरी कळायचं नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कापूस फिरवून पाहिला आणि आईला बाजूला घेऊन रोगाचं नाव सांगितलं : कुष्ठरोग. सहा महिने गोळ्या घेतल्या. महिन्यातून एकदा घ्यायच्या कॅप्सूलनं लघवी लाल व्हायची, त्याची फार भीती वाटे. रोग गेला, चट्टा पुसट झाला. पण वर्गात मला दिलेला वेगळा बाक औषध संपल्यावरही वेगळाच राहिला. भर वैशाखात मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचो.

आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. घरात रोज रात्री शास्त्रवाचन आणि प्रार्थना. माझं मागणं एकच असे, आणखी कुणाला कळू नये.

कॉलेजात असताना एका रविवारी पाळकसाहेबांनी मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी उपदेशाला घेतला. ही गोष्ट निघाली की मी मान खाली घालायचो. त्या दिवशी त्यांनी तिच्यातला क्रम दाखवला. येशूनं आधी हात लावला. तो माणूस शुद्ध झाला तो नंतर. लेवीय पुस्तकातल्या नियमाप्रमाणे अशानं छावणीबाहेर राहायचं, आपण अशुद्ध आहोत असं स्वतःच ओरडायचं. किती वर्षं त्याला माणसाचा हात लागला नसेल! आणि अध्यायाच्या शेवटी तर दोघांच्या जागाच बदलतात. बरा झालेला माणूस लोकांत फिरतो, येशूला मात्र गावात उघडपणे जाता येत नाही, तो बाहेर ओसाड जागी राहतो.

गोळ्यांनी बरा झालो म्हणून आपण जवळ घेण्याजोगे झालो, असंच मी धरून चाललो होतो. चट्टा होता तेव्हाही, त्या बाकावरही, प्रभू माझ्याजवळच होता, हे त्या दिवशी मला पटलं. उपासना संपल्यावर मी बाही वर करून पाळकसाहेबांना दंड दाखवला. घराबाहेरच्या माणसाला आपणहून पहिल्यांदाच. त्यांनी त्या जागेवर हात ठेवून प्रार्थना केली.

लाज हळूहळूच गेली. आता शब्बाथ शाळेत हा अध्याय मीच शिकवतो, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. मुलांना दंड दाखवतो आणि सांगतो, अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, आणि रोग पूर्ण बरा होतो.