आधी समेट, मग उपास

मैत्रिणींनो, श्रावण आला की तुमच्या घरात जशी शिस्त येते, तशी आम्हा ख्रिस्ती घरांत राखेच्या बुधवारपासून येते. रविवार सोडून ईस्टरपर्यंत ४० दिवस. गोरेगावच्या आमच्या दोन खोल्यांत मटण बंद, आणि पहाटे गॅसपाशी उभी राहून मी त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचते. हाताशी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ (२०१०) असतं. आपल्या भाषेत वाचताना मनाला पळवाट राहत नाही हो!

पहिल्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मत्तयाचा पाचवा अध्याय येतो. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल, तर दान वेदीपाशीच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. चूक कोणाची, ते विचारलेलंच नाही! इकडे दूध उतू गेलं.

सासूबाईंच्या बांगड्यांवरून मोठ्या जाऊबाईंशी आठ महिने अबोला होता. त्यापुढे मटण सोडणं म्हणजे काहीच नाही.

शाळा सुटल्यावर तशीच वसईला गेले. दार त्यांनीच उघडलं.

“जेवलीस का?”

“उपास आहे.”

“माझाही,” त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवलं.

बांगड्यांचं अजून ठरायचंय.