वणीत चांदी कुणाची झाली?

यवतमाळ जिल्हा पांढऱ्या सोन्याचा, म्हणजे कापसाचा. आमच्या वणी तालुक्याचं सोनं मात्र काळं: कोळसा. 1973 मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, 1975 मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली. राजूरच्या भूमिगत खाणीच्या जोडीला पुढं उकणी, घोन्सा, कोलारपिंपरीच्या खुल्या खाणी आल्या आणि कापसाच्या बाजारपेठेचं वणी कोळशाचं शहर झालं. ट्रकवाले, गॅरेजवाले, खानावळवाले, घरं भाड्यानं देणारे, सगळ्यांची चांदी झाली.

अब्बा कोळशाचा ट्रक चालवायचे. घरी येऊन वुजूला बसले की पहिलं पाणी काळंच वाहायचं. त्या काळ्या पाण्यावरच आम्ही भावंडं शिकलो, म्हणून कोळशाला शिव्या घालणं मला जमत नाही.

पण एक प्रश्न सुटत नाही. शेताखाली कोळसा निघाला, तेव्हा सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मोबदला मिळाला, कुणाला नोकरीही मिळाली. त्याच शेतात वर्षानुवर्षं कापूस वेचणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. आणि खाणीच्या हजेरीपटावर अब्बांचं नाव तरी कुठं होतं?

कोळसा एक दिवस संपेल. तेव्हा या दोघांचा हिशेब कोण मांडणार?