जरा अवघडलंय

आमच्या अण्णांना आजवर कधीही काहीही दुखलेलं नाही. त्यांना जे होतं ते 'जरा अवघडतं'. १९८६ साली सायकलवरून पडून मनगट मोडलं, तेव्हासुद्धा "जरा अवघडलंय, एवढ्यासाठी प्लॅस्टर कशाला?" असं ते डॉक्टरांनाच विचारत होते म्हणे. आई अजून सांगते.

बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं बसून मी एक गोष्ट शिकलो. खातेदार काय बोलतो त्यावर जाऊ नये, पासबुक बघावं. "सगळं झकास चाललंय" म्हणणाऱ्याच्या खात्यात पुष्कळदा मिनिमम बॅलन्सही नसतो. पण हे शहाणपण मी संध्याकाळी ड्रॉवरमध्ये कुलूपबंद करून डोंबिवली लोकल पकडतो. त्यामुळे अण्णांच्या पासबुकातल्या नोंदी वाचल्या त्या सौ.ने.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, ती बसवायचा ठराव मात्र सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत एकमताने मंजूर होतो. भाजीची पिशवी घेऊन एका दमात वर येणारे अण्णा हल्ली दुसऱ्या मजल्यावर थांबून टाकीसफाईची नोटीस वाचायचे.

"आठवडाभर रोज तीच नोटीस वाचतायत," सौ. म्हणाली. "आणि चष्मा घरी असतो."

मी तडक विचारलं, "अण्णा, दुखतंबिखतं का काही?"

'मुलगा असून रडतोस काय?' हे ऐकत मोठा झालेला माणूस या प्रश्नाला काय उत्तर देणार? "छे रे! गॅस असेल. छातीत जरा अवघडतं. ओवा खाल्ला की थांबतं." ओव्यानं कसलं? उभं राहिल्यानं थांबत होतं!

मी डॉक्टरांचं नाव काढलं की अण्णा पेपर उघडत. सौ.ने वेगळीच चाल केली. "अण्णा, मला दवाखान्यात जायचंय. सोबत येता का?" पेशंट म्हणून ज्यांनी उंबरठा ओलांडला नसता, ते गृहस्थ सोबत म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून तयार! डॉक्टर अर्थातच कटात सामील होते.

"आलाच आहात तर तुम्हालाही बघतो. दुखणं दहापैकी किती?"

"अर्धा मार्क द्या."

डॉक्टर हुशार. त्यांनी 'दुखणं' हा शब्दच सोडला. "किती पायऱ्या चढल्यावर थांबता?"

"छत्तीस."

"दोन महिन्यांपूर्वी?"

"थांबत नव्हतो. चोपन्नच्या चोपन्न."

पस्तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस; आकड्यांत खोटं बोलणं त्यांना जमतच नाही. चढताना छाती दाटते आणि थांबल्यावर मोकळी होते, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असाव्यात, असं डॉक्टर म्हणाले. त्यात अण्णांना साखर; अशा माणसांना कळा कमी जाणवू शकतात. मला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं, "बसल्या जागी छाती दाटली, घाम फुटला, तर ओव्याची बरणी शोधू नका. सरळ १०८ फिरवा."

अँजिओग्राफीत दोन ठिकाणी अडथळे निघाले. स्टेंट घालायचं ठरलं. आदल्या रात्री वॉर्डात अण्णांनी हळूच विचारलं, "तुझ्या रजा किती शिल्लक आहेत?"

"भरपूर आहेत. का?"

"नाही, पोरीची बारावी आहे. म्हटलं, मार्च उलटला की सांगू."

शिल्लक पुढच्या वर्षात ओढतात हे मी बी.कॉम.ला शिकलो होतो. दुखणंही ओढतात हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. एरवी मी यावर काहीतरी विनोद केला असता. त्या रात्री नुसताच त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत बसलो.

आता घरात 'दुखतंय का?' असं कुणी विचारत नाही. नात विचारते, "आजोबा, आज किती?" आणि अण्णा छाती काढून "चोपन्न!" म्हणतात. ज्या दिवशी आकडा घसरेल त्या दिवशी काय करायचं, ते सौ.ने फ्रिजवर लिहून ठेवलंय.

परवा बाजारातून दोघं बरोबरच येत होतो. अण्णा मागून म्हणाले, "काय रे, हल्ली पिशवी डाव्या हातात का धरतोस?"

"काही नाही, अण्णा. उजवा खांदा जरा..." म्हणालो आणि जीभ चावली.

अण्णांनी चार पायऱ्या तशाच जाऊ दिल्या.

"उद्या मला दवाखान्यात जायचंय," ते म्हणाले. "सोबत येतोस का?"