फायडोनेट: मालक नसलेले जाळे

१९८४ साली संगणकावरून गप्पा मारू पाहणाऱ्या अमेरिकन माणसापुढे दोन वाटा होत्या. पहिली कॉम्प्युसर्व्हसारख्या कंपनीची: शेकडो माणसे एकाच वेळी आत, पण तासागणिक आकार आणि किल्ल्या कंपनीच्या हाती. दुसरी वाट घरगुती होती. १९७८ साली शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सेन आणि रँडी स्यूस यांनी पहिला बुलेटिन बोर्ड सुरू केला होता. घरातला एक संगणक, एक मोडेम, एक टेलिफोन. ज्याला निरोप वाचायचे असतील त्याने फोन लावावा. एका वेळी एकच पाहुणा.

या दुसऱ्या वाटेची अडचण उघड होती. प्रत्येक बोर्ड म्हणजे एक बेट. सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॉम जेनिंग्ज या प्रोग्रामरने ती बेटे जोडली. त्याच्या प्रणालीचे नाव फायडो. सुट्या भागांची जुळवाजुळव करून उभ्या केलेल्या संगणकाला गावठी कुत्र्याला शोभेल असे हे नाव गमतीने मिळाले होते.

युक्ती साधी होती. रात्री टेलिफोनचे दर उतरत. तेव्हा ठरल्या वेळी बोर्डाने पाहुण्यांना दार बंद करावे, दुसऱ्या शहरातल्या बोर्डाला फोन लावावा, साठलेला टपालाचा गठ्ठा द्यावा, त्याचा घ्यावा. मध्ये कोणताही मुख्य संगणक नाही. सामाईक होती ती केवळ नोडलिस्ट, म्हणजे साऱ्या बोर्डांच्या टेलिफोन क्रमांकांची यादी. तिच्यात एक आकडा चुकला, तर मध्यरात्री भलत्याच घरी फोन वाजे आणि कानावर मोडेमची किंकाळी पडे! ही यादी सांभाळण्याचे किचकट काम लवकरच सेंट लुईसच्या मंडळींकडे गेले. विकेंद्रित व्यवस्थेतही कोणीतरी यादी सांभाळावीच लागते, हे उत्साही मंडळी सहसा विसरतात.

जेनिंग्ज अराजकतावादी विचारांचा होता आणि त्याची छाया फायडोनेटवर पडली. प्रत्येक बोर्डाचा चालक, म्हणजे सिसॉप, आपल्या घरचा राजा. साऱ्यांना बांधणाऱ्या नियमांचा गाभा एवढाच की दुसऱ्याला फार त्रास देऊ नये आणि स्वतःही चटकन त्रासून जाऊ नये. भांडणे अर्थातच झाली. जाळ्याला संस्थेचे रूप देण्याचा प्रयत्नही झाला, पण वादांत अडकून तो दशकाअखेरीस बारगळला. जाळे मात्र चालतच राहिले. १९९० च्या दशकाच्या मध्याला त्यात तीस हजारांहून अधिक बोर्ड होते.

याचे मोल सर्वाधिक कळले ते दूरच्या ठिकाणी. वर्णभेदी राजवटीमुळे एकाकी पडलेल्या दक्षिण आफ्रिकेतील ऱ्होड्स विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस जगाशी ई-टपालाचा संबंध जोडला, तो फायडोच्या मार्गाने. पलीकडचे टोक कोणत्याही सरकारी कचेरीत नव्हते. ते ऑरेगनमधील पोर्टलंड येथे रँडी बुश यांच्या घरी होते. तिथे परवानगी देणारा, म्हणून नाकारू शकणारा, कोणी अधिकारीच नव्हता.

पुढे इंटरनेट स्वस्त झाले आणि मंडळी फुकटच्या मोठ्या वाड्यांत राहायला गेली. जिओसिटीज हा त्यांतला एक. याहूने १९९९ साली तो विकत घेतला आणि २००९ च्या ऑक्टोबरात बंद केला. लोकांनी हौसेने मांडलेली लाखो पाने उठली. स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढी उतरवून घेतली, म्हणून निदान काही शिल्लक आहेत.

२०१६ साली ऑयगेन रोख्को या जर्मनीतील तरुणाने मॅस्टोडॉन प्रसिद्ध केले, तेव्हा जुनीच कल्पना नव्या वेषात आली: अनेक लहान सर्व्हर, प्रत्येकाचा निराळा चालक, आणि मध्ये सामाईक भाषा. जानेवारी २०१८ मध्ये ॲक्टिव्हिटीपब या नावाने ती भाषा अधिकृत मानक ठरली. सिसॉपचे दुखणेही तेच राहिले. सर्व्हरचे भाडे, रात्री-अपरात्रीची दुरुस्ती, भांडणांचा निवाडा, सारे एका-दोघांच्या खांद्यावर. ते थकले की सर्व्हर बंद. फरक इतकाच की वेळीच कळले, तर सदस्याला दुसऱ्या सर्व्हरवर बिऱ्हाड हलवता येते. अनुयायी सोबत येतात. जुन्या नोंदी मागेच राहतात.