आईला दिलेला शब्द

वाचकहो, आपल्या घरात दीर्घकाळ आजारी असलेले माणूस असेल, तर त्याने हात धरून वचन मागितल्याचा प्रसंग आपल्याला नवा नसेल. ‘घर विकू नका’, ‘धाकट्याला सांभाळ’, ‘मला दवाखान्यात नेऊ नकोस’. माझ्या आईनेही माझ्याकडून असा एक शब्द घेतला होता. त्याकडे येतेच, पण आधी टिम डंकन या अमेरिकन बास्केटबॉलपटूची हकीकत सांगितली पाहिजे. त्या खेळातले मला काही कळत नाही. नातवाच्या खोलीत या उंच खेळाडूचे चित्र आहे. त्याच्याविषयी सांगताना नातू त्याच्या आईविषयी बोलला आणि माझे लक्ष तेथे गुंतले.

डंकन कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावरचा. वडील गवंडी, आई सुईण. मुलगा पोहण्यात तरबेज होता. त्याची बहीण १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये पोहली होती. १९८९ मध्ये ‘ह्यूगो’ चक्रीवादळाने बेटावरील तलाव उद्ध्वस्त केला. समुद्रात सराव करावा, तर त्याला शार्कची भीती. पुढे आईला स्तनाचा कर्करोग झाला आणि २४ एप्रिल १९९० रोजी ती गेली. दुसऱ्या दिवशी त्याला चौदावे वर्ष पूर्ण होणार होते. जाण्यापूर्वी तिने मुलांकडून एक वचन घेतले : महाविद्यालयाची पदवी पूर्ण करायची.

पोहणे सुटले आणि पोरगा बास्केटबॉलकडे वळला. वेक फॉरेस्ट विद्यापीठात दोन वर्षे खेळल्यावर, १९९५ मध्येच, व्यावसायिक संघ त्याला आनंदाने घेतील असे जाणकार सांगू लागले. तेव्हा महाविद्यालयीन खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळे, पगार नव्हे. बाहेर कोट्यवधींचा करार, आणि आत मानसशास्त्राची पुस्तके. शिवाय, गुडघ्याची एकच गंभीर दुखापत झाली असती, तर तो करार कायमचा हुकला असता. तरीही तो त्या वर्षी थांबला. पुढच्या वर्षीही थांबला.

त्याच १९९६ च्या उन्हाळ्यात जॉर्जटाउन विद्यापीठाचा ॲलन आयव्हरसन मात्र दोन वर्षांतच शिक्षण सोडून व्यावसायिक झाला. घरी पैशाची ओढाताण होती आणि धाकट्या बहिणीच्या आजारपणाची चिंता. त्याला मी तरी उणा मानू शकत नाही. एक आईच्या शब्दासाठी राहिला, एक घरासाठी गेला. औषधांची बिले हातात घेऊन ज्यांनी महिन्याचा हिशेब जुळवला आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको.

डंकनने १९९७ मध्ये पदवी घेतली. त्याच वर्षी सॅन अँटोनिओच्या संघाने त्याला सर्वांत आधी निवडले, आणि त्या एकाच संघासाठी खेळून त्याने पाच अजिंक्यपदे मिळवली. नातू ती अजिंक्यपदे मोजतो. मला मात्र वाटत राहते की, ती एकही मिळाली नसती, तरी त्या आईचे मागणे योग्यच ठरले असते. तिने मागितले ते त्याच्या हातात होते आणि त्याला शेवट होता. एके दिवशी प्रमाणपत्र मिळणार आणि शब्द पुरा होणार.

माझ्या आईने मागितले ते असे : ‘काहीही झालं तरी मला घरातून हलवू नकोस.’ तिचे हृदय दुबळे झाले होते. मी हो म्हटले. त्या क्षणी दुसरे काय म्हणता येते? एका पहाटे तिला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले होते. मी रुग्णवाहिका बोलावली. तिसऱ्या दिवशी ती रुग्णालयातच गेली. ‘तू शब्द मोडलास,’ असे थोरले बंधू तेराव्याला चारचौघांत म्हणाले. रात्री दचकून जागी होऊन मी कितीतरी वर्षे त्याचे उत्तर शोधत राहिले. तो शब्द पाळणे माझ्या नव्हे, तिच्या आजाराच्या हाती होते, हे मला डंकनच्या आईची गोष्ट ऐकल्यावर उमगले. आईला तेव्हा मी म्हणू शकले असते, ‘जमेल तेवढे दिवस घरीच ठेवीन, आणि त्रास असह्य झाला तर तुझ्याबरोबर तिथे राहीन.’ कदाचित तिला तेवढेच हवे होते.

गेल्या महिन्यात मला बाहत्तर पूर्ण झाली. आईचाच विकार आता माझ्याकडे आला आहे. मुलाला जवळ बसवले तेव्हा तिचे तेच वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. त्याऐवजी मला काय आवडेल आणि काय नको, हे एका कागदावर लिहून त्याच्या हाती दिले, आणि खाली लिहिले : ‘वेळ येईल तेव्हा डॉक्टरांना विचार आणि तुला योग्य वाटेल ते कर.’

त्याने तो दोनदा वाचला, घडी घालून औषधांच्या खणात ठेवला. मग विचारले, “आणि मी कबूल काय करायचं?”

“उद्या सकाळी रक्त तपासायला न्यायचंस,” मी म्हटले. “उपाशीपोटी. तेव्हा लवकर ऊठ.”