दिवेआगर, व्हाया ताम्हिणी

तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकदा नीट नजर टाका. दहा-बारा वर्षांपूर्वी जिथे हॅचबॅकची रांग असायची, तिथे आता उंच बॉनेट, काळं प्लॅस्टिकचं क्लॅडिंग, टपावर रूफ रेल! जणू सगळी टीम दर शुक्रवारी लडाखला निघते. प्रत्यक्षात यातल्या निम्म्या गाड्यांनी हिंजवडीचा सिग्नल सोडून दुसरा डोंगर पाहिलेला नसतो.

हा सगळा चार मीटरचा फंडा आहे, बॉस. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरची एक्साइज २४ वरून १६ टक्क्यांवर आली आणि डिझायनर मंडळींनी गाड्यांच्या शेपट्या कापायला घेतल्या. आधी सेडानच्या कापल्या, मग एसयूव्हीच्या. अशा एसयूव्हीच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक, प्रीमियर रिओ, २००९ मध्ये आपल्या चिंचवडमध्येच झाला, हे आज कुणाला आठवतही नाही. खरी हवा केली ती २०१३ च्या इकोस्पोर्टने. पुढे रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनने डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळवले आणि छोटी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, हे म्हणणं मागे पडलं. सप्टेंबर २०२५ मध्ये या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. म्हणजे आता तर रांगच!

मी त्या रांगेत उभा राहिलो तो आईच्या गुडघ्यांमुळे. जुन्या हॅचबॅकमध्ये ती बसायची नाही, अक्षरशः उतरायची. आणि बाहेर यायला दोन माणसं लागायची. नव्या गाडीची सीट खुर्चीच्या उंचीची. दार उघडलं, मागे टेकलं, पाय आत. झालं. त्यात बाबांची बायपास होऊन वर्ष झालेलं. डॉक्टरांनी प्रवासाला हिरवा कंदील दाखवला आणि बाबांनी दुसऱ्याच मिनिटाला दिवेआगरचं नाव काढलं. सप्टेंबरचा शेवटचा वीकएन्ड ठरला. गाडीला सहा महिने झाले होते. ट्रॅफिकमधला डावा पाय वाचवायचा म्हणून एक लिटरचं टर्बो पेट्रोल आणि सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक असं कॉम्बिनेशन मी घेतलं होतं. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे गिअरबॉक्स एकापेक्षा जास्त कंपन्या देतात आणि पुढे जे सांगणार आहे ते त्या सगळ्यांच्या मालकांना उपयोगी पडेल.

पुण्याहून दिवेआगर साधारण १६० किलोमीटर. कोथरूडवरून जाताना डाव्या-उजव्या हाताला टेकड्या लागतात, त्यातल्या वेताळ टेकडीवर एआरएआय आहे. गाडीच्या ब्रोशरवरचा मायलेजचा आकडा अशा संस्थेच्या प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी पळवून येतो. तिथे खड्डे नसतात, चांदणी चौक नसतो, मागे बसून ‘अरे, एसी वाढव’ म्हणणारी आई नसते. माझ्या गाडीने शहरात लिटरला कधी अकराच्या वर दिलं नाही. या ट्रिपला जाताना मात्र सोळा दाखवलं. म्हणजे ब्रोशर अगदीच खोटं नाही, फक्त ते आपल्यासारखं जगत नाही.

पिरंगुट, पौड मागे पडलं की मुळशीचं पाणी दिसायला लागतं आणि गाडीतले सगळे आपोआप गप्प होतात. आपल्याला हा पिकनिक स्पॉट वाटतो. पण याच धरणात गावं जाऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचा. इथलं पाणी बोगद्यातून डोंगर फोडून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं. आपणही पुढे त्याच उताराने कोकणात उतरतो, फक्त टोलवून टोलवून.

ताम्हिणी म्हणजे सप्टेंबरमध्ये नुसती सही जागा! कड्यांवर सोनकीचा पिवळा रंग, मधेच धुक्याचा एक ढग काचेवर येऊन आपटतो. इथेच गाडी खरी कळते. उंच गाडी वळणावर थोडी झुकतेच, तो तिचा स्वभाव आहे. पण स्टीअरिंग सरळ सांगतं की चाक कुठे आहे. छोट्या टर्बोची एक खोड मात्र लक्षात ठेवा. १८०० आरपीएमच्या खाली इंजिन झोपलेलं असतं. ओव्हरटेकला पाय दाबला की एक क्षण काहीच होत नाही आणि मग सगळं एकदम होतं. घाटात तो एक क्षण फार मोठा असतो. म्हणून गाडी मॅन्युअल मोडला टाकायची, दुसरा गिअर, आणि उतारावर इंजिनलाच गाडी धरू द्यायची. पुढच्या तीन गाड्यांचे ब्रेक जळाल्याचा वास येत होता. आमच्या ब्रेकना फारसं काम नव्हतं.

माणगाव ते म्हसळा रस्त्याने सस्पेन्शनची परीक्षा घेतली. कमी स्पीडला प्रत्येक खड्डा कंबरेला कळतो, साठच्या पुढे तीच गाडी तरंगत जाते. ‘जुन्या गाडीत माझी मान मोडायची,’ एवढंच आईचं सर्टिफिकेट.

दिवेआगरबद्दल काय सांगायचं? सुपारीच्या वाड्या, केवडा, सुरूचं बन आणि पलीकडे लांबलचक किनारा. १९९७ मध्ये इथल्या एका वाडीत सोन्याचा गणपती सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला, ती गोष्ट बाबांनी पुन्हा एकदा सांगितली. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ याच पट्ट्यावरून गेलं आणि सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या घरगुती खानावळीच्या काकूंनी मागच्या अंगणातली रोपं दाखवली. ‘सुपारी धरायला वर्षं लागतात हो, आमचा धीर बघते ती,’ त्या म्हणाल्या आणि वर सुरमईचा दुसरा तुकडा वाढला.

किनाऱ्यावर एक फुकटचा शो चालू होता. एका पठ्ठ्याने आपली चकचकीत कॉम्पॅक्ट एसयूव्ही वाळूत घातली होती. चाकं फिरतायत, गाडी खाली जातेय, भरती वर येतेय! लोकहो, या वर्गातल्या बहुतेक गाड्या फक्त पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्या नावातली ‘यूटिलिटी’ म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला मिळणारे हजार रुपये. शेवटी दोर लावून ओढली. त्यापेक्षा आरावी, शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा समुद्राकाठचा रस्ता धरा. ही गाडी त्या रस्त्यासाठीच बनली आहे असं वाटतं. उंच सीटवरून कठड्यापलीकडचं पाणी दिसतं आणि मागच्या सीटवरच्या बाबांनाही ते दिसतं, हे जास्त महत्त्वाचं.

परतीला रविवार. म्हणजे अख्खं पुणे घाटात. विळ्याच्या पुढे चढ लागला आणि वर कणसं-मॅगीच्या टपऱ्यांपर्यंत गाड्यांची माळ. दोन फूट पुढे, थांबा. दोन फूट पुढे, थांबा. पाऊण तासाने आधी गाडी अंग झटकल्यासारखी थरथरली, मग स्क्रीनवर अक्षरं आली: गिअरबॉक्स गरम झाला आहे, सुरक्षित जागी थांबा. सहा वाजून गेलेले, उजेड जात चाललेला, फोनला रेंज नाही, मागे बायपास झालेला माणूस. त्या क्षणी सनरूफ, टचस्क्रीन, सात रंगांचे अँबियंट लाइट... सगळं बकवास वाटतं.

मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं तेच केलं. कडेला मोकळी जागा बघून गाडी घेतली, पार्किंगचे दिवे लावले, गिअर ‘पी’मध्ये, इंजिन चालू. बाबा म्हणाले, ‘आमच्या वेळी बॉनेट उघडून पाणी घालायचो.’ म्हटलं, ‘बाबा, यात घालायला काही नाहीये, फक्त वाट बघायची.’ पंचवीस मिनिटांनी मेसेज गेला. त्या पंचवीस मिनिटांत आईने तीनदा बाबांच्या गोळीची वेळ विचारली.

हे का होतं ते समजून घ्या. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात, एक सम गिअरचा, एक विषमचा. ‘ड्राय’ प्रकारात ते तेलात बुडालेले नसतात, आपल्या साध्या गाडीसारखेच घासतात. चढावर सरपटताना आपण जे हाफ क्लच करतो, ते इथे कॉम्प्युटर करतो, आणि उष्णता जायला जागा नसते. ‘वेट’ प्रकारात तेल ती ओढून घेतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तर सरपटण्याचं काम तेलच करतं, त्यामुळे तो शांत राहतो. उपाय गावठी आहे. पुढच्या गाडीला पाच-सहा गाड्यांचं अंतर पडू द्या, मग एका दमात जा, पूर्ण थांबा. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत. पुढचा घाट मी असाच चढलो आणि मेसेज परत आला नाही.

सर्व्हिस सेंटरवर ‘सर, हे नॉर्मल आहे’ असं उत्तर मिळालं. घरी एकट्याने ऐकलं असतं तर पटलंही असतं. मी जॉबकार्डवर तक्रार लिहून घेतली, तारीख-वेळेसकट. मग सॉफ्टवेअर अपडेट निघाला. नंतर सरपटताना झटके कमी झाले, हे खरं.

पार्किंगमध्ये ही गोष्ट सांगितली तर प्रत्येकाची वेगळी निघाली. टीममधल्या एकाची डिझेल. ऑफिस घरापासून चार किलोमीटर. २०२० पासून बीएस-६ डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि ती काजळी जळायला लांबची, सलग धाव लागते. हा रोज चार किलोमीटर जाणार, दर दोन महिन्यांनी दिवा लागणार. आता तो बायकोला घेऊन रविवारी एक्स्प्रेस वेवर जातो, फिल्टरच्या तब्येतीसाठी! एएमटीवाली मैत्रीण म्हणते, गिअर पडताना डोकं डोलतं, पण तीन वर्षांत बिघाड शून्य. तिची गाडी सगळ्यांत स्वस्त आहे.

माझी मी विकणार नाहीये. आईला तिच्यात बसता येतं, हा मुद्दा दुसऱ्या कुठल्याही फीचरने कापला जात नाही. वाढीव वॉरंटीचे पैसे मात्र गपचूप भरले. गिअरबॉक्स त्यात येतो का, हे छापील कागदावर वाचून. तुम्ही टेस्ट ड्राइव्ह घेणार असाल तर शोरूमवाल्याला म्हणा, सकाळी अकराला मोकळ्या रस्त्यावर नको, संध्याकाळी सातला चढाच्या फ्लायओव्हरवर द्या.

दिवाळीनंतर हरिहरेश्वरचं बुकिंग झालंय. परत यायचं सोमवारी दुपारी. रजेचा मेल टाकून ठेवलाय.