कोरा रकाना

शेजारची पोर दहावीत आहे, शाळेच्या खो-खो संघाची कर्णधार. परवा दिवेलागणीला, पायांची माती तशीच, 'आदर्श विद्यार्थिनी'चा अर्ज घेऊन दारात उभी. "काकू, तुमचं अक्षर चांगलंय, भरून द्या ना." अर्जात तीन रकाने होते. 'क्रीडा'मध्ये तिची बक्षिसं मावत नव्हती. 'नेतृत्व'पुढे तिनं पेन्सिलीनं 'कर्णधार' एवढंच लिहिलेलं. 'समाजसेवा' कोरा.

मी अडले ती मधल्या रकान्यापाशी. त्या एका शब्दात काय असतं ते गच्चीवरून रोज बघते ना! दोन खांबांमधल्या पट्टीवर आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. नववी पाठलाग करते. तिला मागं फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. पलीकडची पळणारी हवी असेल, तर तिकडे तोंड करून बसलेलीच्या पाठीवर थाप द्यायची, 'खो' म्हणायचं आणि तिच्या जागी आपण मुकाट बसायचं. गडी हाताच्या टप्प्यात आलेला दिसत असताना बसून घेणं मला या वयातही जमणार नाही. ही पोर सहज बसते. पकडणारीचं नाव होतं, ही पायाची माती झटकत असते. आणि आपण मेले, कुणाचं काम अडवलं की 'खो घातला' म्हणतो!

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली या खेळाचे नियम बांधले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं. तेव्हापासून आमच्या पटांगणाच्या कडेला चौथी-पाचवीतल्या मुली दप्तरं घेऊन रेंगाळतात. त्यांना शेवटची दहा मिनिटं खेळायला घ्यायचं, हा हिचाच नियम. सर आधी कुरकुरले होते.

आमचं सासवड. माउलींची पालखी दिवे घाट चढून येते आणि इथं मुक्काम करते. शाळेच्या पटांगणातही राहुट्या पडतात. पालखी जेजुरीकडे निघाली की मागं उरतात पत्रावळ्या, चिखल आणि तंबूच्या मेखांची भोकं. गेल्या ज्येष्ठात पालखी गेली त्या दुपारी ही आपल्या सगळ्या पोरींना घेऊन पटांगणात उतरली. आधी पत्रावळ्या गोळा केल्या. मग एकेक भोक शोधून त्यात मुरूम भरला आणि टाचेनं दाबला. अंधार पडेपर्यंत चाललं होतं. दुसऱ्या दिवशी भरलेला मुरूम पावसानं खचला, तेव्हा पुन्हा.

"अगं, हे लिही की तिसऱ्या रकान्यात," मी म्हटलं.

"त्यात कसली सेवा, काकू? भोकात पाय गेला तर आमचाच मुरगळेल."

"आणि पत्रावळ्या?"

"त्या काय, वारकरी आपल्याकडेच जेवले होते ना."

यावर मला काही सुचेना. अर्जाची मुदत शनिवारी दुपारपर्यंत आणि शनिवारी तिचा बारामतीला सामना. रकाना तसाच कोरा ठेवून अर्ज मी शाळेत नेऊन दिला.